मागेल त्याला काम

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात पैनगंगेच्या खोऱ्यात पुसद, महागाव आणि उमरखेड हे तालुके वसलेले आहेत. मधूनमधून डोंगरांच्या रांगा, त्यांच्या पायथ्याशी काळी जमीन, आणि त्या जमिनीत कापूस, ज्वारी व तूर अशी पिके, असा हा मुलूख आहे. महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारखी मोठी गावे आणि डोंगरांच्या कुशीतील बंजारा तांडे ह्या दोहोंचे जीवन एकाच गोष्टीवर अवलंबून असते, आणि ती म्हणजे पाऊस. मृगाची सर वेळेवर आली तर घरात धान्य येते. ती चुकली तर थोरामोठ्यांच्या घरीही चिंता शिरते. ह्याच परिसरातील गहुली नावाच्या लहानशा गावी १ जुलै १९१३ रोजी वसंतराव फुलसिंग नाईक ह्यांचा जन्म झाला. पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

वसंतराव बंजारा समाजाचे होते. रेल्वे येण्यापूर्वी शेकडो वर्षे ह्या समाजाने बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहून नेले. जेथे पाऊस पडला नाही तेथे अन्न पोचविणारे हेच लोक होते. पुढे आगगाडी आली, मिठाचा व्यापार सरकारच्या हाती गेला आणि तांड्यांचा धंदा बसला. पोट भरण्यासाठी रानोमाळ भटकणाऱ्या माणसांकडे राज्यकर्ते संशयाने पाहू लागले. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला. त्या कायद्यान्वये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले. माणसाने काय केले हे न विचारता तो कोणाच्या पोटी जन्मला, एवढेच हा कायदा विचारी. गुन्हेगार म्हणून नोंद झालेल्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. अनेक भटक्या समाजांवर ह्या कायद्याची छाया पडली. बंजारा तांडेही तिच्यातून सुटले नाहीत. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग ह्यांनी भटकंती सोडून गहुली गाव वसविले आणि हाती नांगर धरला. त्यामुळे नातवाला शिक्षणाची वाट मोकळी झाली. आसपासच्या निरनिराळ्या गावांत प्राथमिक शिक्षण घेऊन वसंतराव नागपूरला गेले. तेथील मॉरिस कॉलेजातून ते १९३८ साली बी. ए. झाले आणि १९४० साली त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. काही काळ अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या सान्निध्यात काम केल्यावर त्यांनी पुसद येथे वकिली सुरू केली.

१९४१ साली त्यांचा विवाह नागपूरच्या वत्सला घाटे ह्यांच्याशी झाला. वत्सलाबाई ब्राह्मण कुटुंबातील होत्या. त्या काळी असा विवाह ही मोठीच गोष्ट होती. दोन्हीकडच्या समाजांना तो रुचला नाही, आणि आप्तस्वकीयांचा रोष त्या दोघांना सोसावा लागला. परंतु रागावलेल्या माणसांचा वसंतरावांनी कायमचा हिशेब मांडून ठेवला नाही. ते पुसदलाच राहिले आणि त्याच लोकांमध्ये काम करीत राहिले. वत्सलाबाईंनीही तांड्यातील जीवन आपलेसे केले. १९४६ साली वसंतराव पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ साली ते त्या वेळच्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेवर निवडून आले. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी राज्याची धुरा त्यांच्या खांद्यावर आली.

तो काळ अन्नटंचाईचा होता. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. त्याच सुमारास देशात पावसानेही दगा दिला. परदेशातून येणाऱ्या धान्यावर देशाला विसंबावे लागत होते आणि शहरांतून शिधावाटपाच्या दुकानांपुढे रांगा लागत होत्या. अशा वेळी माणसाला कोणावर तरी दोष ठेवावासा वाटतो. शेतकरी धान्य दडवून ठेवतात असे काही जण म्हणत. शेतकरी आळशी आहेत, जुन्या चालीरीतींना चिकटून बसतात, नवे बियाणे घेत नाहीत, असे दुसरे म्हणत. वसंतराव स्वतः शेतकऱ्याचे पुत्र होते. नव्या बियाण्याला नकार देणारा शेतकरी मूर्ख असतो असे त्यांनी मानले नाही. नवे बियाणे फसले तर सरकारी कागदावरील एक आकडा चुकतो, पण शेतकऱ्याचे सारे घर उघड्यावर पडते. म्हणून आधी त्याला पाणी, बियाणे, खत आणि कर्ज द्यावे व मग त्याची परीक्षा घ्यावी, असे त्यांचे धोरण होते. महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वावलंबी झाला नाही तर आपणांस फाशी द्यावी, अशी प्रतिज्ञा त्यांनी १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर भरसभेत केली. शेतकऱ्यांवरील विश्वासाचीच ती साक्ष होती. संकरित ज्वारीचे बियाणे गावोगाव पोचविण्यात आले. १९६८ ते १९७२ ह्या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे स्थापन झाली.

ह्या विश्वासाची खरी कसोटी लागली ती १९७२ साली. त्याआधीची दोन वर्षे राज्याच्या मोठ्या भागात पावसाने ओढ दिलीच होती. १९७२ च्या पावसाळ्यात तर आभाळ कोरडेच राहिले. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून तडफडू लागली, पेरलेले बी जमिनीतच करपले. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी लोक मिळेल तशी भाजून खाऊ लागले. गावेच्या गावे कामाच्या शोधात निघाली.

दुष्काळात सरकारने लोकांना काम द्यावे ही कल्पना नवी नव्हती. इंग्रजांच्या राजवटीतही दुष्काळी कामे निघत. पण त्यांच्या मुळाशी संशय होता. खोटेच उपाशी असल्याचे सांगून लोक सरकारी पैसा लुबाडतील, अशी राज्यकर्त्यांना धास्ती वाटे. म्हणून कामे मुद्दाम दूर ठेवीत. जो खरा भुकेला असेल तो इतके अंतर चालून येईल, असा तो हिशेब होता. १८७७ सालच्या दुष्काळात रिचर्ड टेंपल ह्या अधिकाऱ्याने मजुरी इतकी खाली आणली की तिच्यातून दिवसाला जेमतेम अर्धा किलो धान्य मिळावे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ह्या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला. एखादा लबाड आत शिरू नये म्हणून दार इतके अरुंद केले होते, की त्या दारात अनेक प्रामाणिक माणसे अडकून मेली.

वसंतरावांच्या सरकारपुढेही १९७२ साली तोच प्रश्न उभा होता. कामाच्या ठिकाणी पहाटेपासून हजारो माणसे गोळा होत. त्यांतील कोणाच्या घरात धान्य आहे आणि कोणाच्या घरात नाही, हे हजेरीपटावर नावे लिहिणाऱ्या कारकुनाने कसे ओळखावे? दहा एकरांचा धनी खडी फोडण्यासाठी आला तर त्याला गरजू मानावे की लोभी? चौकशी करीत बसावे तर दिवस जातात, आणि भूक दिवस मोजीत थांबत नाही. अशा वेळी दोनच प्रकारच्या चुका संभवतात. गरज नसलेल्या एखाद्याला काम दिले जाणे ही पहिली. खऱ्या भुकेल्याला परत पाठविणे ही दुसरी. पहिल्या चुकीने तिजोरीला तोशीस लागते, आणि ती पुढेमागे भरून काढता येते. दुसऱ्या चुकीची भरपाई कोणत्याही तिजोरीतून होत नाही.

वसंतराव पेशाने वकील होते. गुन्हा निःसंशय सिद्ध झाला नाही तर न्यायालय आरोपीला संशयाचा फायदा देते, हे त्यांना ठाऊक होते. जो न्याय आरोपीला मिळतो, तो उपाशी माणसाला का मिळू नये? महाराष्ट्राने त्या दुष्काळात काम मागणाऱ्याला हा फायदा दिला. जो येईल त्याला काम द्यावे, ह्या धोरणाने कामे सुरू झाली आणि वाढत गेली. त्या वेळी राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी होती. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोचली. म्हणजे राज्यातील दर दहा माणसांमागे एक माणूस ह्या कामांवर होता. एरवी बांधावर उभे राहून मजुरांकडून काम करून घेणारे शेतकरी आणि त्यांच्या लेकीसुना त्याच मजुरांच्या शेजारी बसून दगड फोडू लागल्या. पाऊस नसेल तर दहा एकरांतूनही एक भाकरी निघत नाही, हे सर्वांच्या ध्यानात आले. वैशाखाच्या उन्हात दिवसभर घण चालवायला गरजेवाचून कोण येणार? त्या कष्टांहून निराळा पुरावा मागण्याचे कारणच नव्हते.

ह्याचा अर्थ सारे काही सुरळीत चालले होते असे मात्र नाही. काही ठिकाणी मजुरी उशिरा मिळे, काही ठिकाणी ती फारच अपुरी असे. हजेरीपटावर खोटी नावे घातली गेल्याच्या तक्रारी झाल्या. नुसत्या खडीचे ढीग रचून काय साधणार, अशी टीका होऊ लागली. विरोधी पक्षांनी आणि शेतमजुरांच्या संघटनांनी मोर्चे काढले; १९७३ साली दुष्काळी कामांवरील मजुरांनी संपही केला. ह्या तक्रारींत तथ्य होते. परंतु लबाडी करणारे थोडे आहेत म्हणून कामेच बंद करावीत, हा मार्ग सरकारने पत्करला नाही. खडी फोडण्याऐवजी पाझर तलाव, बांधबंदिस्ती, कालवे, विहिरी आणि रस्ते अशा टिकाऊ कामांवर भर देण्याची दिशा पुढे घेतली गेली. त्या दोन वर्षांत महाराष्ट्रातील धान्योत्पादन फार खाली गेले होते. तरीही पूर्वीच्या दुष्काळांसारखी भूकबळींची भयानक लाट आली नाही. ही गोष्ट जगातील अर्थशास्त्रज्ञांनी नंतर आवर्जून अभ्यासली.

ह्याच काळात रोजगार हमी योजनेने आकार घेतला. ह्या योजनेची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांची. त्यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग केला होता. वसंतरावांच्या सरकारने १९७२ साली ही योजना राज्यासाठी स्वीकारली. खेड्यातील कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते त्याला मिळालेच पाहिजे, हे तिचे सूत्र होते. मागणाऱ्याची जात कोणती, जमीन किती, घरात काय शिल्लक आहे, हे तिच्यात विचारावयाचे नव्हते. योजनेसाठी पैसा उभारावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरात पगार घेणारा माणूस आपल्या मिळकतीतील थोडा भाग खेड्यातील अनोळखी माणसासाठी देऊ लागला.

फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा सर्व पक्षांच्या संमतीने मंजूर केला. ज्यांनी दुष्काळात सरकारवर कठोर टीका केली होती, तेही त्यात सहभागी होते. २६ जानेवारी १९७९ पासून हा कायदा अमलात आला. जी गोष्ट आजवर सरकारच्या मर्जीवर होती, ती आता मागणाऱ्याचा हक्क झाली. त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी सिंगापूर येथे वसंतरावांचे निधन झाले. पुढे २००५ साली भारताच्या संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशाच्या उपयोगी पडला.

वसंतरावांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून साजरा होतो, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ साली त्यांचे नाव देण्यात आले. परंतु त्यांची खरी आठवण फुलसावंगीच्या शिवारात, गहुलीच्या माळावर आणि महाराष्ट्रातील हजारो गावांत, दुष्काळात घाम गाळून उभारलेल्या बांधांत आणि तलावांत शोधली पाहिजे.

संकटाच्या काळी माणसाचे मन आकसते. जो तो दुसऱ्याकडे संशयाने पाहू लागतो, आणि शेजाऱ्याच्या ओंजळीतील पाणीही त्याला आपले वाटू लागते. ज्या समाजाकडे राज्यकर्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संशयाने पाहिले, त्या समाजातील एक मुलगा मोठा होऊन राज्याचा कारभारी झाला. त्याच्या कारकिर्दीत दारात उभ्या राहिलेल्या माणसाला तू खरोखर भुकेला आहेस काय असे न विचारता, त्याच्या हाती कुदळ आणि टोपले देण्यात आले. संध्याकाळी त्या टोपल्यातून घरी धान्य गेले, आणि लाखो चुली विझल्या नाहीत.