देवळालीचे गणितानंद

दुर्गहून मुंबईस निघालेली गाडी नाशिकरोड सोडते आणि थोड्याच वेळात देवळाली मागे पडते. हथखोज-भिलाईच्या आपणां मराठी मंडळींस हे स्थानक खिडकीतून परिचयाचे आहे. तेथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ पर्यंत शाळामास्तरकी केली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. शालेय शिक्षण ठाण्यास, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ साली बी.एस्सी. त्यापुढची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. आपल्या संशोधनाच्या पुस्तिका त्यांनी बहुधा पदरमोड करूनच छापल्या.

मुंबईजवळच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना एका संख्याकुळाची कल्पना सुचली. त्या कुळास त्यांनी डेम्लो हेच नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे करीत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उभी राहते. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नेच हिला नि:शेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांस कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. ही संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. (यातला ८ कोठे गेला, हे घरातील मुलांनी शोधावे.)

दहावा एक जोडला की मात्र हातचा येतो आणि डौल मोडतो. येथेच कापरेकरांवरील आक्षेपाचे मूळ आहे. हे गुण संख्येचे नव्हेत, आपल्या दशमान लेखनाचे आहेत, असे म्हणून अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम करमणुकीत जमा केले. आक्षेप खोटा नाही. परंतु दशमान लेखन ज्या देशाने जगास दिले, तेथे त्याच्या खाचाखोचा कोणी आयुष्यभर न्याहाळल्या तर त्यात उणे ते काय, असे आम्हांस वाटते.

त्यांचा ६१७४ सर्वांत प्रसिद्ध. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करावे. फार तर सात खेपांत ६१७४ येतो. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. तोवर मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. पेन्शन अपुरे पडे म्हणून ते शिकवण्या करीत.

१९८६ साली ते निवर्तले. त्यांच्या संख्यांचा आणखी एक प्रकार आहे: अन्य कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ज्या मिळत नाहीत, त्या स्वयंभू संख्या. २० ही त्यांतली एक. त्यांनाच त्यांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही नाव ठेवले.