सावळी मारिया रंगवणारा गोमंतकीय : आंजेलो द फोन्सेका

नाताळ जवळ आला की गोव्यातील घरांवर कागदी तारे चढतात, अंगणात गोठ्याची मांडणी सुरू होते आणि अलीकडे काही घरांत आणखी एक उद्योग दिसू लागतो. जेवणाच्या टेबलावर जाड कागद, शाईच्या गाद्या आणि रबरी शिक्के पसरून शुभेच्छापत्रे हाताने तयार केली जातात. भ्रमणध्वनीवरून क्षणात शेकडो शुभेच्छा धाडता येत असताना एकेक पत्र ठशाठशाने उमटवण्याचा हा खटाटोप कौतुकाचाच म्हणावा लागेल. मात्र बाजारातून आणलेल्या त्या शिक्क्यांवर काय असते? बर्फाने लवलेले सूचिपर्णी वृक्ष, घसरगाडी ओढणारी सांबरे आणि गोठ्यात बाळाशेजारी गुडघे टेकून बसलेली, पायघोळ झगा ल्यालेली, युरोपीय चेहऱ्याची मारिया. मांडवीच्या काठी बर्फ पडत नाही, याचे कुणाला फारसे काही वाटत नाही. पण मारियेचा चेहरा परकाच का असावा, हा प्रश्न एका गोमंतकीय चित्रकाराने सुमारे नऊ दशकांपूर्वी आपल्या कुंचल्याने विचारला होता आणि त्याची किंमतही मोजली होती. त्याचे नाव आंजेलो द फोन्सेका. नाताळ सरून तीन दिवस होताच, 28 डिसेंबरला, त्याची पुण्यतिथी येते.

नाताळचे छापील शुभेच्छापत्र ही तशी फार जुनी गोष्ट नव्हे. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून असे पत्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापवल्या. त्यावर ना येशू होता, ना मारिया. मेजवानीला बसलेले एक सुखवस्तू कुटुंब हातात मद्याचे पेले उंचावून होते. मद्यपानाच्या विरोधकांनी त्यावर टीकेची झोड उठवली. नाताळच्या पत्रावर कोणते चित्र शोभते, हा वाद असा पहिल्या पत्रापासूनचा आहे. ठसा उमटवण्याची कला मात्र आपल्याला परकी नाही. उज्जैनजवळ शिप्रेकाठच्या भैरवगडात लाकडी ठप्प्यांनी कापड छापणारे कारागीर आजही काम करतात. परका आहे तो ठशावरचा आकार.

फोन्सेकांचा जन्म 1902 सालचा, तिसवाडीतील सांत इस्तेव्ह बेटावरचा. जुवे हे या बेटाचे जुने नाव. मराठी वाचकाला ते 1683 मध्ये संभाजी महाराजांनी जिंकलेल्या तिथल्या किल्ल्यामुळे ठाऊक असते, आणि गोव्याच्या बाजारात ते आजही तिथल्या लांबसडक भेंडीमुळे ओळखले जाते. कुटुंब जमीनजुमला असलेले, श्रद्धाळू कॅथलिक. अशा घरातल्या मुलाने डॉक्टर किंवा वकील व्हावे, ही तेव्हाची रीत होती. त्याप्रमाणे आंजेलोनेही मुंबईत वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला. पण शवविच्छेदनाच्या टेबलापेक्षा त्याला कागद आणि रंग यांची ओढ अधिक होती. वैद्यकीचे शिक्षण सोडून तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तिथले शिक्षण बव्हंशी पाश्चात्त्य वळणाचे होते. त्यातही त्याचे मन रमेना. अखेर त्याने बंगालची वाट धरली.

शांतिनिकेतनातील ही काही वर्षे फोन्सेकांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. अवनींद्रनाथांनी 1905 साली भारतमातेचे चित्र रंगवले होते. भगवी वस्त्रे ल्यालेली, चार हातांची, शांत मुद्रेची ती स्त्री देवता होती आणि तरीही एखाद्या बंगाली घरातली वाटावी अशी होती. आईचे दैवीपण दाखवायला राजमुकुट लागत नाही, हे त्या चित्राने सिद्ध केले होते. फोन्सेकांची मारिया ज्या कुळातली आहे, त्या कुळाची ही थोरली बहीण म्हणता येईल, असे मला वाटते. रंग लावून कागद पाण्यात बुडवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा रंग चढवायचा, ही बंगाली चित्रकारांची पद्धत 1903 च्या सुमारास कोलकात्यास आलेल्या जपानी चित्रकारांच्या सहवासातून घडली होती. या पद्धतीत रंग कागदाच्या अंगात मुरतो आणि चित्राला धुक्यासारखी मृदुता येते. फोन्सेकांनी ती आत्मसात केली.

नंदलालांची एक सवय इथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. ते साध्या पत्रांवर हाताने चित्रे काढून शिष्यांना आणि सुहृदांना धाडत असत. झाड, गाय, डोंगर, वाटेने जाणारी संथाळ स्त्री, जे डोळ्यांसमोर असेल ते. चित्र भिंतीवरच टांगावे लागते असे नाही, ते टपालाने दुसऱ्याच्या हाती पोचू शकते, हा संस्कार त्या वातावरणात होता. लिनोच्या ठशांतही नंदलालांचा हात चालत असे. 1930 साली दांडीयात्रेच्या वेळचे, हाती काठी घेतलेल्या गांधीजींचे त्यांचे गाजलेले चित्र हा असा एक ठसाच आहे.

शिक्षण पुरे झाल्यावर मायभूमीत परतून तिथल्या चर्चमध्ये चित्रे काढावीत, असे अवनींद्रनाथांनी शिष्याला सुचवल्याचे सांगितले जाते. 1930 नंतर लवकरच फोन्सेका गोव्यात आले. येताना त्यांनी सोबत आणली ती साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची, आपल्याकडच्या कुठल्याही गावात भेटावी अशी मारिया. गोव्याला ती रुचली नाही. काळही प्रतिकूल होता. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या राजवटीचा पाया घातला जात होता. 1930 च्या वसाहतविषयक कायद्याने गोमंतकीयांच्या दुय्यमपणावर शिक्कामोर्तब केले होते. अशा वेळी युरोपीयपणा हा प्रतिष्ठेचा आधार होता आणि देवघरातील चित्रे त्या प्रतिष्ठेचा भाग होती. साडीतली मारिया काहींना श्रद्धेचा अवमान वाटली, काहींना हिंदू देवतेची नक्कल. टीकेची धार अशी वाढली की चित्रकाराला जन्मभूमीत राहणे अवघड झाले. त्यांनी गोवा सोडला.

या टीकाकारांना गोव्याचा स्वतःचाच इतिहास आठवत नव्हता, असे म्हणावे लागते. सोळाव्या शतकात हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घेऊ नयेत असे हुकूम निघाले. ते काढावे लागले, कारण काम त्यांच्याच हातांनी होत होते. गोव्यात घडलेल्या हस्तिदंती मूर्तींत बाल येशू मेंढपाळाच्या वेषात डोंगरावर बसलेला दिसतो. त्याचे अर्धोन्मीलित डोळे आणि गालाला टेकलेला हात पाहून बुद्धाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गोव्याहून निघालेले जेजुइट पाद्री 1580 साली अकबराच्या दरबारात सचित्र बायबल घेऊन पोचले आणि मुघल चित्रकारांनी त्यातल्या छापील चित्रांवरून आपली मारिया रंगवली. त्या पथकाचे प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा पुढे 1583 मध्ये कुंकळ्ळीत मारले गेले. गोव्याच्या वाटेने गेलेल्या छापील कागदांवरून मुघल दरबाराने आपली मारिया घडवली, तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नव्हता.

पुण्यात फोन्सेकांना आसरा मिळाला तो ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने 1922 साली हा संघ स्थापला होता. सभासद खादी वापरत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घेत, भजने म्हणत. विन्स्लो यांच्यावर नारायण वामन टिळकांचा मोठा प्रभाव होता आणि त्यांनी टिळकांचे चरित्रही लिहिले होते. अभंगाच्या चालीत ख्रिस्ताला आळवणाऱ्या कवीचा वारसा सांगणाऱ्या आश्रमात, साडीतली मारिया रंगवणारा चित्रकार येऊन राहिला, यात एक औचित्य आहे. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. आश्रम अँग्लिकन पंथाचा आणि फोन्सेका निष्ठावंत कॅथलिक. त्या काळी या दोन पंथांतले अंतर आजच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. आपल्या पंथाने ज्याला दूर लोटले त्याला दुसऱ्या पंथाने जागा दिली. आणि त्यानेही आपला पंथ सोडला नाही.

याच पुण्यात पुढची जवळजवळ साडेतीन दशके त्यांनी रंगवण्यात घालवली. जलरंग आणि टेंपेरा ही त्यांची आवडती माध्यमे. देवदूताचा संदेश, गोठ्यातला जन्म, आई आणि मूल, वधस्तंभ, संत फ्रान्सिस असे विषय त्यांनी पुन्हापुन्हा हाताळले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांच्यासारख्या काही मोजक्या जाणकारांनी भारतीय वळणाच्या ख्रिस्ती कलेची बाजू लावून धरली, म्हणून ही वाट अगदीच एकाकी राहिली नाही. उशिरा त्यांनी आयव्ही यांच्याशी विवाह केला. त्यानंतरच्या अनेक चित्रांतील मारियेच्या चेहऱ्यात पत्नीची छाया दिसते, असे जाणकार सांगतात. संसार साधा होता. पवित्र चित्रांचा ग्राहक म्हणजे मुख्यतः चर्च, आणि तिथे युरोपीय छापील चित्रांची सवय घट्ट रुजलेली. तेव्हा हा मार्ग धनलाभाचा नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीचा दस्तऐवज संमत केला. चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही आणि सर्व लोकांच्या कलेला चर्चमध्ये मोकळी जागा असावी, असा त्यातील एका कलमाचा आशय आहे. ज्या कारणासाठी गाव सोडावे लागले, त्याला रोमनेच मान्यता दिली, तेव्हा फोन्सेका साठी ओलांडून गेले होते. त्यानंतर त्यांना चारच वर्षे मिळाली. 28 डिसेंबर 1967 रोजी ते निवर्तले. पुण्यात जमलेला चित्रांचा मोठा ठेवा आयव्ही यांनी जपला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. चित्रकार परतला नाही, चित्रे परतली.

ती चित्रे पाहताना शुभेच्छापत्रांचे ठसे डोळ्यांपुढे येतात, त्यालाही कारण आहे. रबरावर किंवा लिनोवर कोरताना छायाप्रकाशाच्या बारीक छटा टिकत नाहीत. टिकते ती रेषा. युरोपीय तैलचित्रावरून ठसा कोरायला गेले की मूळची खोली हरवते आणि चेहरा भावशून्य होतो. फोन्सेकांच्या चित्रात धुतलेल्या रंगांखाली रेषा ठाम असते. पदराची एक वळणदार कड, झुकलेली मान, मुलाला सावरणारा हात, एवढ्यावर आकृती उभी राहते. रंग काढून घेतला तरी आई ओळखू येते. कोरणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवायचे की ठशात डाव्याचे उजवे होते. आईच्या डाव्या मांडीवरचे बाळ कागदावर उजव्या मांडीवर जायला नको असेल, तर रेखाचित्र आधी उलटे करून घ्यावे लागते.

कायद्याची बाजूही पाहून ठेवलेली बरी. भारतीय स्वामित्व हक्क कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे त्याच्या चित्रांवरील हक्क अबाधित राहतात. 1967 पासून हा हिशेब मांडला तर ही मुदत 31 डिसेंबर 2027 रोजी संपते. तोवर ज्यांना फोन्सेकांच्या चित्रावरून ठसा करून पत्रे विकायची असतील, त्यांनी हक्कधारकांची परवानगी घेणे आवश्यक आहे. 2028 च्या नाताळला मात्र सांत इस्तेव्हच्या एखाद्या घरात बसून कुणीही त्यांची सावळी मारिया रबरावर कोरू शकेल आणि हव्या तितक्या पत्रांवर उमटवू शकेल.