व्यासंगी संशोधक दामोदर कोसंबी

एका विषयात पारंगत व्हावयाचे म्हटले तरी माणसाचे सारे आयुष्य अपुरे पडते. म्हणून बहुतेक विद्वान एखादे क्षेत्र निवडून त्यातच रमतात. परंतु गणित, संख्याशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत भाषा आणि प्राचीन इतिहास अशा अनेक क्षेत्रांत ज्याने स्वतःची भर घातली, असा एक पुरुष विसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे थोर पंडित. बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळविण्यासाठी त्यांनी तरुणपणीच घर सोडले होते आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास केला होता. ज्ञानासाठी कितीही कष्ट पडले तरी ते आनंदाने सोसावयाचे, हा वारसा मुलाला वडिलांकडूनच मिळाला. धर्मानंद १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. त्यामुळे दामोदरांचे प्रारंभीचे शालेय शिक्षण पुण्यात झाले.

१९१८ साली धर्मानंदांना एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जावे लागले. अकरा वर्षांचा दामोदरही त्यांच्याबरोबर निघाला. परका देश, परकी भाषा आणि कडाक्याची थंडी! पण अभ्यासू मुलाला परकेपणा फार काळ वाटत नाही. तेथील शाळा संपवून त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश मिळविला. गणिताबरोबरच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि जर्मन या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. १९२९ साली उच्च श्रेणीत पदवी घेऊन ते भारतात परतले.

काशीचे हिंदू विश्वविद्यालय आणि अलीगढचे मुस्लिम विश्वविद्यालय येथे काही काळ गणित शिकविल्यानंतर ते पुण्यास आले आणि वडिलांच्याच फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. १९४५ पर्यंत ते तेथे होते. या काळात भूमितीच्या एका नव्या शाखेत त्यांनी मूलगामी विचार मांडले. अवकाशातून फिरणाऱ्या वस्तू ज्या मार्गांनी जातात, त्या मार्गांच्या गुणधर्मांवरून त्या अवकाशाचे स्वरूप कसे ओळखावे, असा तो विषय होता. एली कार्तां या विख्यात फ्रेंच गणितज्ञाने १९३३ साली त्यांच्या संशोधनाची दखल घेतली. पुढे चर्न या चिनी गणितज्ञानेही त्यात भर घातली. आजही हा विचार कोसंबी, कार्तां आणि चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो. १९३४ साली कोसंबींना रामानुजन स्मृतिपारितोषिक मिळाले.

येथवरची हकिगत एखाद्या हुशार गणितज्ञाची शोभेल अशीच आहे. परंतु पुढे कोसंबींच्या जीवनाला निराळेच वळण लागले. त्यांनी संख्याशास्त्राचा अभ्यास आरंभिला. नुसती सूत्रे पाठ करून हे शास्त्र कळावयाचे नाही, ते प्रत्यक्ष व्यवहारातील एखाद्या प्रश्नाला लावून पाहिले पाहिजे, असे त्यांचे मत होते. असा एक प्रश्न त्यांना जुन्या नाण्यांत सापडला.

आपल्या देशात फार प्राचीन काळी चांदीचे लहान लहान तुकडे नाणी म्हणून वापरीत असत. त्यांवर सूर्य, हत्ती, झाड अशा आकृतींचे ठसे उमटविलेले असत. राजाचे नाव नाही, सालही नाही. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवावे कसे? कोसंबींनी विचार केला, की नाणे या हातातून त्या हातात जात असता थोडे थोडे झिजते. म्हणजेच जे नाणे अधिक काळ चलनात राहिले, त्याचे वजन कमी झाले असले पाहिजे. एकट्या नाण्याच्या वजनावरून काही ठरविता येत नाही, कारण ते मुळातच हलके पाडलेले असू शकते. परंतु शेकडो नाणी तोलून त्यांची सरासरी काढली, तर काळाचा माग निश्चित लागेल.

ही कल्पना खरी की खोटी, हे पाहण्यासाठी त्यांनी आधी आपल्या काळातील चलनी नाणी घेतली. त्यांवर साल छापलेले असल्यामुळे पडताळा पाहणे सोपे होते. नाणे जितके जुने तितकी वजनाची सरासरी कमी, हे दिसून आले. मग त्यांनी तक्षशिला येथे उत्खननात सापडलेल्या प्राचीन नाण्यांकडे मोर्चा वळविला. अतिसूक्ष्म तराजूत एकेक नाणे ठेवावयाचे, वजन टिपावयाचे आणि त्याच्या पाठीवरील बारीक खुणा मोजावयाच्या, असे कंटाळवाणे काम त्यांनी हजारो नाण्यांच्या बाबतीत केले. पाठीवरच्या खुणा जसजशा अधिक, तसतसे सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. अशा रीतीने मुक्या नाण्यांची कालक्रमानुसार रांग लावण्याची एक शास्त्रीय रीत इतिहासकारांच्या हाती आली.

याच संख्याशास्त्राचा उपयोग त्यांनी जीवशास्त्रातही केला. प्राण्यांचे आणि वनस्पतींचे आनुवंशिक गुण ज्यांवर अवलंबून असतात, ती जनुके गुणसूत्रावर माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने असतात. दोन जनुकांमधील अंतर प्रत्यक्ष मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ते गुण किती वेळा एकत्र आले आणि किती वेळा वेगळे झाले, यावरून ते काढावे लागते. त्यासाठी कोसंबींनी १९४४ च्या सुमारास एक सूत्र प्रसिद्ध केले. पिकांच्या सुधारित जाती शोधणारे शास्त्रज्ञ ते आजही वापरतात आणि ते कोसंबींच्याच नावाने प्रसिद्ध आहे.

नाण्यांचे वजन ठरले. पण ती पाडली कोणी? त्या काळी राज्य कोणाचे होते आणि व्यापार कोणाच्या हाती होता? या प्रश्नांची उत्तरे तराजू देऊ शकत नव्हता. त्यासाठी जुने ग्रंथ वाचणे भाग होते आणि ते ग्रंथ संस्कृतात व पालीत होते. तेव्हा कोसंबींनी संस्कृतचा सखोल अभ्यास केला. या अभ्यासात ते भर्तृहरीच्या शतकांपाशी येऊन पोहोचले. वामन पंडितांनी मराठीत आणलेली ही नीतिशतकादी तीन शतके आपल्याकडे घरोघरी परिचित होती. पण त्यांतील खरे भर्तृहरीचे श्लोक कोणते आणि मागाहून घुसलेले कोणते, याचा उलगडा झाला नव्हता. कोसंबींनी देशभरातील शेकडो हस्तलिखिते मिळविली. त्यांतील पाठभेद एकमेकांशी ताडून पाहिले. भर्तृहरीच्या नावावर आठशेहून अधिक श्लोक आढळत असले, तरी बहुतेक सर्व परंपरांना समान असे सुमारे दोनशेच आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला.

पुढे विद्याकर नावाच्या बंगालमधील बौद्ध पंडिताने संकलित केलेला सुभाषितरत्नकोश त्यांनी वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्या सहकार्याने संपादिला. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राच्य ग्रंथमालेत तो १९५७ साली बेचाळिसावा ग्रंथ म्हणून निघाला. ज्या पाली ग्रंथासाठी धर्मानंद समुद्र ओलांडून गेले होते, तो त्यांच्या निधनानंतर १९५० साली याच मालेत निघाला होता. त्याचा क्रमांक एकेचाळीस. पित्याचा आणि पुत्राचा ग्रंथ असे एकमेकांशेजारी येऊन बसले, हा मोठा हृद्य योग होय.

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून कोसंबींना बोलाविले. कोसंबी राहत पुण्यास आणि काम करीत मुंबईस. डेक्कन क्वीन गाडीने ते नित्य ये-जा करीत.

सुट्टीच्या दिवशी मात्र त्यांची पावले डोंगराकडे वळत. हाती काठी, पाठीवर पिशवी, अशा थाटात ते पुण्याच्या आसमंतातील टेकड्या आणि खेडी पायी तुडवीत. कोठे गारगोटीच्या बारीक धारदार पात्या सापडत. त्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची हत्यारे होत्या. कोठे शेंदूर फासलेला देवीचा तांदळा दिसे. कोसंबी तेथे थांबत, गावकऱ्यांना विचारीत, धनगरांच्या कळपांच्या वाटा जाणून घेत. अशा देवींची स्थाने पुष्कळदा जुन्या वाटांच्या मिलनस्थानी असतात, हे त्यांच्या ध्यानी आले. कार्ल्याची लेणी तेथेच का खोदली गेली? कोकणातील बंदरांकडून घाट चढून येणारा व्यापारी मार्ग जवळूनच जात होता, आणि लेण्यांना दाने देणाऱ्यांत व्यापाऱ्यांची नावे शिलालेखांत कोरलेली आहेत, हे त्यांनी त्याचे कारण म्हणून पुढे केले.

या भ्रमंतीतून त्यांची इतिहासाविषयीची दृष्टी घडली. इतिहास म्हणजे केवळ राजांची नावे आणि लढायांची साले नव्हेत. सामान्य माणसे आपले अन्न कसे मिळवीत, कोणती अवजारे वापरीत, आणि ही साधने बदलली म्हणजे समाज कसा बदलत गेला, हे समजून घेणे म्हणजे इतिहास. या विचारावर कार्ल मार्क्सच्या सिद्धान्तांचा प्रभाव होता. परंतु त्यांचे कोणतेही मत कोसंबींनी पुराव्यावाचून स्वीकारले नाही. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि इतिहासकारांना नवी दिशा मिळाली. त्यांच्या सर्वच निष्कर्षांशी पुढील अभ्यासक सहमत झाले नाहीत. तथापि त्यांनी विचारलेले प्रश्न कोणालाही टाळता आले नाहीत.

इतक्या वाटांनी जाणाऱ्या माणसाला त्याचे मोलही द्यावे लागते. गणित सोडून हे भलतीकडे का भटकतात, असे काहींना वाटे. शिवाय कोसंबी स्वभावाने परखड होते. मनास पटेल ते ते उघड बोलत. अणुशक्तीचा गाजावाजा होत असताना, आपल्या उन्हाच्या देशाने सूर्याची शक्ती वापरावी, असे ते आग्रहाने सांगत. अण्वस्त्रांना त्यांचा विरोध होता आणि जागतिक शांततेच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला. त्यांच्या हातून चुकाही झाल्या. मूळसंख्यांविषयीचा एक अतिशय अवघड प्रश्न संभाव्यतेच्या साहाय्याने सोडविण्याचा त्यांनी यत्न केला. परंतु ती सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही आणि त्यांच्या कीर्तीस त्यामुळे उणेपणा आला. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांची नेमणूक संपली आणि ती पुढे चालू राहिली नाही.

अशा प्रसंगी एखादा खचून गेला असता. कोसंबींची लेखणी मात्र थांबली नाही. त्याच वर्षी लोकदैवते आणि पुराणकथा यांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीची रूपरेषा सांगणारा ग्रंथ आला. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी संलग्न राहून संशोधन करीत होते. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २००८ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलांनो, कोसंबींच्या चरित्राकडे वरवर पाहिले तर त्यांनी अनेक विषयांत उड्या मारल्या असे वाटेल. परंतु नीट पाहिले म्हणजे ध्यानी येते, की त्या उड्या नव्हत्या. संख्याशास्त्राने त्यांना नाण्यांपाशी नेले, नाण्यांनी ग्रंथांपाशी नेले आणि ग्रंथांनी डोंगरातल्या वाटांवर आणून सोडले. प्रत्येक वेळी पुढचे पाऊल मागच्या प्रश्नातूनच उचलले गेले. आणि प्रत्येक ठिकाणी रीत एकच होती: आधी नीट पाहावे, मोजता येईल ते मोजावे, ताडून बघावे, आणि मगच बोलावे. नाणे तोलताना, श्लोक पारखताना आणि टेकडीवरचा दगड उचलताना त्यांनी ही रीत कधी सोडली नाही. विद्येची दालने निरनिराळी असली, तरी त्यांना जोडणारे दार जिज्ञासेचे असते. ते उघडण्याचे धैर्य मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.