साहसामागची तयारी

समुद्र पोहून जाणाऱ्याचे कौतुक होते ते तो पैलतीरी पोहोचल्यानंतर. त्या तीराला लागण्यासाठी किती वर्षे, किती पैसा आणि किती माणसांचे श्रम खर्ची पडले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या आशियाई महिला आरती साहा यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

२४ सप्टेंबर १९४० रोजी कलकत्त्यातील एका सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अडीच वर्षांच्या असतानाच आई गेली; आजीने त्यांचा सांभाळ केला. घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर घाटावर स्नानाला जाता जाता त्या पोहायला शिकल्या. मुलीची ओढ ओळखून वडिलांनी तिला हातखोला जलतरण मंडळात घातले. तेथे सचिन नाग यांच्यासारखा मार्गदर्शक लाभला. १९४८ मध्ये मुंबईला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी दोन रौप्य व एक कांस्य पदक मिळविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्या उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे ११ वर्षांचे होते.

तथापि, तरणतलावातील शर्यत काही मिनिटांत संपते. खाडीत मात्र थंडीशी आणि भरती-ओहोटीशी तासन्‌तास झुंजावे लागते. १९५८ मध्ये पूर्व पाकिस्तानच्या ब्रोजेन दास यांनी खाडी ओलांडली आणि आरतींच्या मनाने उचल खाल्ली. पुढील वर्षीच्या स्पर्धेसाठी दास यांनीच त्यांचे नाव सुचविले.

मग तयारी सुरू झाली. १३ एप्रिल १९५९ रोजी देशबंधू पार्कमधील तलावात त्या सलग आठ तास पोहल्या. पुढे हा काळ सोळा तासांवर नेला. पैशाचा प्रश्न होताच. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी ११,००० रुपये मंजूर केले. सामान्य कारकुनाच्या त्या वेळच्या काही वर्षांच्या वेतनाहून ही रक्कम कमी नव्हती. २४ जुलैला डॉ. अरुण गुप्ता यांच्यासह त्या इंग्लंडला निघाल्या आणि १३ ऑगस्टपासून खाडीतच सराव करू लागल्या. तलावाने दम दिला होता. पण कलकत्त्याचे कोमट पाणी थंडीची सवय लावू शकत नाही, की प्रवाहाची ओढ शिकवू शकत नाही.

२७ ऑगस्टला स्पर्धा झाली. सोबतची नाव वेळेवर न आल्याने त्यांना सुमारे ४० मिनिटे उशिरा पाण्यात उतरावे लागले. इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला असता प्रवाह उलटला. पुढे काही तासांत जेमतेम दोन मैल कापता आले आणि अखेर त्यांना माघार घ्यावी लागली.

येथेच बहुतेकांची कहाणी संपते. आरती मात्र परत फिरल्या नाहीत. २९ सप्टेंबर रोजी फ्रान्सच्या ग्री ने भूशिरापासून त्या पुन्हा निघाल्या आणि १६ तास २० मिनिटांनी सँडगेटच्या किनाऱ्याला लागल्या. खाडीची किमान रुंदी २१ मैलांची. पण प्रवाहामुळे त्यांना कापावे लागलेले अंतर ४२ मैल भरले. तलावात केलेल्या सोळा तासांच्या सरावापेक्षा ही झुंज केवळ वीस मिनिटांनी अधिक होती! १९६० मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला खेळाडू. २३ ऑगस्ट १९९४ रोजी काविळीने त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा बोध जुन्नर तालुक्यातील खोडदसारख्या गावाला सहज पटावा. तेथे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली, ती फळ हाती येण्याच्या कितीतरी आधी समाजाने पैसा आणि विश्वास गुंतविला म्हणून. त्याच परिसरात पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढ्या आहेत. येडगाव धरणाचा जलाशयही दूर नाही. आरती साहा यांचा आरंभही घाटावरच झाला होता. फरक पडला तो पुढे. त्यांना मंडळ मिळाले, शिक्षक मिळाला, प्रवासखर्च मिळाला आणि मुख्य म्हणजे अपयशानंतर दुसरी संधी मिळाली. गुणी मुले गावोगाव जन्माला येतात. त्यांच्यामागे उभी राहणारी व्यवस्था मात्र समाजालाच निर्माण करावी लागते.