जस्टिन मॉर्गन : घोड्याने राखलेले नाव

अमेरिकेतील बहुतेक अश्वजातींना प्रदेशाचे किंवा कामाचे नाव मिळाले. मॉर्गन ही जात मात्र एका सामान्य शेतकऱ्याच्या नावाने ओळखली जाते. या शेतकऱ्याला स्वतःच्या हयातीत ना वैभव लाभले, ना या कीर्तीची चाहूल लागली.

जस्टिन मॉर्गन यांचा जन्म १७४७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट स्प्रिंगफील्ड येथे झाला. प्रकृती बेताची असल्याने केवळ शेतीच्या कष्टांवर त्यांचा निर्वाह होणे कठीण होते. त्यामुळे शेतीच्या जोडीला त्यांनी पैदाशीचे घोडे सांभाळले, मुलांना शिकवले आणि गावोगावी फिरून प्रार्थनासंगीताचे वर्ग घेतले. त्यांच्या काही संगीतरचना १७९० मध्ये प्रसिद्ध झाल्या.

१७८८ मध्ये ते कुटुंबासह व्हरमाँटमधील रँडॉल्फ येथे स्थायिक झाले. जंगल तोडून वस्ती उभी राहत होती. अशा नव्या गावात लिहिता-वाचता येणारा, विश्वासू माणूस मोलाचा असे. गावकऱ्यांनी त्यांच्याकडे नगरलेखनिकाचे काम सोपवले. जमिनीचे व्यवहार आणि गावसभेचे निर्णय यांचे दप्तर त्यांच्या हाती आले. या कामात मान होता. पैसा फारसा नव्हता. त्यातच १७९१ मध्ये बाळंतपणानंतर पत्नी मार्था यांचे निधन झाले. पुढे मुलांना शेजाऱ्यांच्या घरी ठेवण्याची वेळ आली.

याच सुमारास १७८९ मध्ये जन्मलेले एक तांबूस शिंगरू त्यांच्याकडे आले. ते जुन्या येण्याच्या बदल्यात मिळाले, असे सांगितले जाते. ‘फिगर’ नावाचा हा घोडा खांद्यापाशी पाच फूटही उंच नव्हता. पण लाकडाचे ओंडके ओढण्यात आणि शर्यतीत तो मोठ्या घोड्यांना मागे टाकी. दिवसभर नांगराला, संध्याकाळी ओझ्याला आणि रविवारी चर्चच्या वाटेवर खोगिराखाली चालणारा एकच घोडा डोंगराळ मुलखातील गरीब शेतकऱ्याला हवा होता. ‘फिगर’ने हे गुण आपल्या संततीतही उतरवले.

मॉर्गन यांना त्याचा लाभ घेता आला नाही. हा घोडा त्यांच्या हातून गेला आणि २२ मार्च १७९८ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते निवर्तले. मागे मोजकीच चीजवस्तू राहिली. अनेक मालक पाहिलेला ‘फिगर’ १८२१ मध्ये दुसऱ्या घोड्याच्या लाथेने झालेल्या जखमेमुळे मेला. तोवर लोक त्याला जुन्या मालकाच्याच नावाने ओळखू लागले होते.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात व्हरमाँटच्या घोडदळाने मॉर्गन घोडे वापरले. १८९४ मध्ये जोसेफ बॅटेल यांनी या जातीच्या वंशावळीचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तर १९६१ मध्ये व्हरमाँटने या घोड्याला राज्यप्राण्याचा मान दिला. गावाच्या नोंदी लिहिणाऱ्या मॉर्गन यांचे नाव असे एका घोड्याच्या वंशावळीत कायमचे नोंदले गेले.