मिरजेचे डॉक्टर : सर विल्यम वानलेस

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या पिढीच्या मनात आजारपण आणि मिरज यांची सांगड पक्की बसलेली होती. दुखणे गावच्या औषधपाण्याला दाद देईनासे झाले की घरातील कर्ती माणसे एकत्र बसत, बैलगाडी किंवा रेल्वेची वेळ ठरे, पिठामिठाचे गाठोडे बांधले जाई आणि रोग्याला घेऊन मंडळी मिरजेकडे निघत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या आजोबा-आजींनी ही वाट तुडविलेली आहे. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वानलेसवाडी नावाची वस्ती आहे. त्या नावातील वानलेस कोण, हे विचारले तर दहातील आठ जण गप्प राहतात. परदेशी नावाला वाडी जोडली गेली आणि ते नाव आपलेच झाले. मागचा माणूस मात्र विस्मरणात गेला. त्या माणसाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म 1 मे 1865 रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात चार्ल्सटन या लहानशा गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी न्यूयॉर्क येथे घेतले आणि 1889 मध्ये पदवी मिळविली. त्याच वर्षी मेरी मार्शल यांच्याशी त्यांचा विवाह झाला व अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून ते दोघे हिंदुस्थानात आले. वर्ष सरता सरता ते सांगलीत पोहोचले. वानलेस त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते.

ज्या प्रदेशात ते उतरले, त्याचा नकाशा आजच्यासारखा नव्हता. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात मोडत. (1949 मध्ये दक्षिण सातारा म्हणून नवा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.) राज्ये वेगवेगळी असली तरी आजार मात्र सर्वांचे सारखेच होते. पटकी, देवी, हिवताप, क्षय, महारोग. उपचारासाठी वैद्य होते, हकीम होते, गळू फोडणारा न्हावी होता आणि गावोगाव हिंडणारे वैदू होते. डोळ्यात मोतीबिंदू वाढला की वैदू सुईने तो आतल्या आत मागे ढकलून देई. रोग्याला तत्काळ दिसू लागे, वैदू आपली बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई आणि पुष्कळदा काही दिवसांतच डोळा पिकून कायमचा जाई. मूतखड्याने तळमळणाऱ्या मुलाला तर सोसण्यावाचून मार्ग नव्हता. बेशुद्ध करून, हत्यारे व जखम निर्जंतुक राखून शस्त्रक्रिया करणे ही विद्या युरोप-अमेरिकेत तेव्हा नुकती रुळत होती. ती विद्या शिकून आलेला हा तरुण होता.

सांगलीत त्यांनी प्रथम लहानसा दवाखाना चालविला. पुढे त्यांनी मुक्काम मिरजेला हलविला, आणि या निर्णयातच त्यांची दूरदृष्टी दिसते असे आम्हांस वाटते. पुण्याहून कऱ्हाडमार्गे बेळगावकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वे मिरजेवरून जात होती. 1891 मध्ये कोल्हापूर संस्थानची रेल्वेही मिरजेला येऊन मिळाली. सांगली त्या मुख्य मार्गापासून बाजूला पडे. रोग्याला जेथे सहज पोहोचता येईल तेथे दवाखाना असावा, ही गोष्ट आज साधी वाटते. पण आमच्या भागातील कित्येक आरोग्य केंद्रांच्या जागा पाहिल्या की ती अजूनही सर्वांना साधलेली नाही, हे ध्यानात येते. फिलाडेल्फियातील रेल्वे इंजिनांचे कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून मिरजेत रुग्णालयाची इमारत उभी राहिली आणि 1894 मध्ये ती सुरू झाली.

मोतीबिंदू काढल्यावर पट्टी सुटलेला म्हातारा स्वतःच्या पायाने गावी परतला की तोच त्या रुग्णालयाची जाहिरात होई. कर्नाटकाच्या सीमेपासून साताऱ्याच्या डोंगरापर्यंत रोगी येऊ लागले. संस्थानिक आले, सावकार आले आणि ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती असेही आले.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. वैद्यकाचा आरंभ स्पर्शाने होतो. नाडी धरल्याशिवाय, पोट चाचपल्याशिवाय, छातीला कान लावल्याशिवाय रोगाचे निदान होत नाही. आणि ज्या समाजात स्पर्शच निषिद्ध ठरविला गेला होता, तेथे एका मोठ्या जनसमूहाला वैद्यकाचे दार जन्मतःच बंद होते. औषध असले तरी ते देणारा हात पुढे येत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत काठेवाडातील एका शिक्षकाची हकीकत नोंदविली आहे. अस्पृश्यांच्या मुलांना शिकविणाऱ्या त्या शिक्षकाने 1929 मध्ये गांधीजींच्या यंग इंडिया पत्राला ती लिहून कळविली होती. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. मोठ्या मिनतवारीने डॉक्टर आला, पण तो वस्तीत शिरला नाही. त्याने आपले थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने पत्नीला लावले आणि त्याच क्रमाने ते परत गेले. न्यूमोनियाचे निदान झाले. बाई वाचली नाही. ही गोष्ट 1929 ची आहे. मिरजेच्या रुग्णालयाला तेव्हा पस्तीस वर्षे होऊन गेली होती. जात विचारून रोग्याला परत न पाठविणारे ठिकाण आपल्या परिसरात एवढ्या अगोदर उभे राहिले, याचे मोल आमच्या समाजातील वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हे रुग्णालय उघडून दोनच वर्षे झाली असतील, तोच प्लेग आला. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला आणि पुढील दोन वर्षांत रेल्वेच्या वाटेने तो दक्षिणेत उतरला. कऱ्हाड, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड हा सारा पट्टा त्याने भाजून काढला. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना 10 मार्च 1897 रोजी देह ठेवला, हे आपण जाणतोच. त्या वेळी हा रोग पसरतो कसा, हेच कोणाला नक्की ठाऊक नव्हते. त्याचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी शोधला होता. पण उंदरावरील पिसवांमार्फत तो माणसाला होतो हे सिमाँ यांनी कराचीत 1898 मध्ये दाखविले आणि तेही लवकर कोणी मानले नाही. गंमत अशी की आमच्याकडील खेडूत एक गोष्ट अनुभवाने शिकले होते. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात खोपट घालून राहायचे. शास्त्राने कारण सांगण्यापूर्वी लोकांनी उपाय केला होता.

मुंबईत हाफकिन यांनी तीन महिन्यांच्या अथक प्रयोगांनंतर प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परंतु लस तयार होणे निराळे आणि खेड्यातील माणसाने दंड पुढे करणे निराळे. पुण्यात सोजिरांनी घरे तपासली, माणसे ओढून नेली आणि त्यातून जो संताप उसळला त्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. सरकारी रुग्णालय म्हणजे मरणाची जागा, अशी समजूत त्या काळी रुजली. अशा दिवसांत ज्या डॉक्टरने आपल्या शेजाऱ्याच्या बापाचा मोतीबिंदू काढलेला आहे, त्याच्याच शब्दाला वजन येणार हे उघड आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनीही लोकांना बाहेर छावण्यांत हलविण्याचे व टोचून घेण्याचे काम नेटाने करविले. साथीच्या रोगात विश्वास हेच पहिले औषध असते. ते साथ आल्यावर तयार करता येत नाही, आधीच साठवून ठेवावे लागते. नुकत्याच होऊन गेलेल्या कोरोनाच्या काळात आम्ही हे पुन्हा पाहिले.

प्लेगच्याच त्या धामधुमीत, 1897 मध्ये, वानलेस यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कार्याचा कणा हाच होय. एक माणूस दिवसाला कितीही शस्त्रक्रिया करो, त्याचे हात दोनच. लाखो माणसांच्या मुलखात असा एक डॉक्टर म्हणजे वाळवंटातील ओंजळभर पाणी. वानलेस यांनी प्रथम आपल्या मदतनिसांना हाताशी धरून शिकविले आणि त्या शिकविण्याला पुढे शाळेचे रूप दिले. याच सुमारास लुधियानात एडिथ ब्राउन यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली होती. वेल्लोरची आयडा स्कडर यांची शाळा 1918 मधील. मिरजेत तरुण पुरुष शिकले आणि देशातील ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत जाऊन कामाला लागले. परदेशातून किती डॉक्टर येणार, असा हिशेब मांडत न बसता येथल्याच मुलांच्या हाती शस्त्र देण्याचे धैर्य त्यांनी केले. शाळा चालविणाऱ्या आमच्यासारख्यांना या गोष्टीचे अप्रूप अधिक वाटते, हे आम्ही कबूल करतो.

1900 मध्ये मिरजेत महारोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. चालमोगऱ्याचे तेल, जखमा धुणे, पोटभर अन्न आणि राहायला छप्पर, एवढेच देता येत असे. हॅन्सेन यांनी 1873 मध्येच त्याचा जंतू दाखविलेला असूनही गावे त्याला पूर्वजन्मीचे पाप समजत आणि रोग्याला वेशीबाहेर काढीत. क्षयाचीही तीच तऱ्हा. 1918 च्या इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. ती साथ ओसरल्यानंतर थोड्याच काळात, 1920 च्या सुमारास, मिरजेजवळील मोकळ्या हवेत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. हीच पुढे वानलेसवाडी झाली. तेथेही औषध म्हणजे उघडी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस आहार. काही बरे होत, पुष्कळ होत नसत. पण खोकणारा माणूस घरातील अंधाऱ्या खोलीतून बाहेर आल्याने त्याच्या मुलाबाळांचा बचाव होई, आणि हाच त्या उपचाराचा मोठा लाभ होता.

एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. वानलेस मिशनरी होते. रोग बरा करण्याबरोबर आपल्या धर्माचा प्रसार व्हावा, हा त्यांच्या येण्यामागील उघड हेतू होता आणि त्यांनी तो कधी लपविला नाही. त्यावरून तेव्हाही वाद झाले, आजही होतात. आमचा मार्ग त्यांच्याहून निराळा आहे. तथापि, त्यांच्या टेबलावर पडलेल्या रोग्यांपैकी बहुसंख्य लोक ज्या धर्माचे म्हणून आले त्याच धर्माचे म्हणून बरे होऊन घरी गेले, आणि डोळे मात्र घेऊन गेले. टीका करणाऱ्या सनातन्यांपैकी कितीजणांनी महाराच्या मुलाची नाडी धरली होती, हा प्रश्नही त्या वादात विचारला जायला हवा होता.

संसारात त्यांना दुःखही सोसावे लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पत्नी मेरी गेल्या. पुढे लिलियन हेव्हन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कामाचा भार वाढत गेला तसे डॉ. चार्ल्स व्हेल यांच्यासारखे सहकारी आले आणि रुग्णालय एका माणसावर अवलंबून राहिले नाही. व्हेल यांचे नाव आज मिरजेतील कर्करोग संस्थेला आहे.

जवळपास चाळीस वर्षांच्या सेवेनंतर 1928 मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांना सर ही पदवी मिळाली. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी आपल्या अनुभवांचे पुस्तक लिहिले. ते 1932 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, 3 मार्च 1933 रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेन्डेल येथे त्यांचे निधन झाले.

क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी हाती आले. महारोगावरील सल्फोन औषधांचा उपचार 1941 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. ज्या दोन रोगांसाठी त्यांनी मिरजेत घरे बांधली, त्या दोहोंवरचे औषध पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ती औषधे आली तेव्हा ती घेण्यासाठी रोगी कोठे जमायचे, ती जागा मात्र तयार होती. 1962 मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. आज सांगलीहून मिरजेकडे जाताना विश्रामबाग मागे पडला की वाहक वानलेसवाडीचा पुकारा करतो आणि दोन-चार माणसे पिशव्या सावरीत खाली उतरतात.