रमाबाईंच्या मोठ्या मुली



धर्मग्रामातील शाळकरी मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू करायचे ठरले, तेव्हा काही युवक-युवतींनी आमच्याकडे एकच अडचण मांडली. आपण जेमतेम दहावी झालेलो, आपण दुसऱ्याला काय शिकवणार, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यासाठी आज आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र निवडले आहे. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी या एका विषयात आपण त्यांचे विद्यार्थी व्हायला हरकत नसावी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. रमा लहान असताना शास्त्रीबुवा थकले होते, म्हणून तिला शिकवण्याचे काम आईने केले. घर असे नव्हतेच. तीर्थयात्रेच्या वाटेवर, पहाटे उठवून आई पाठांतर करून घेई. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ज्ञान म्हणजे काय यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली, पण नवऱ्याकडून शिकून लेकीला शिकवणारी ही आई तेव्हा आम्हाला कोणी दाखवली नाही!

१८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भाऊ श्रीनिवासबरोबर पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या देण्यात आल्या. पुढे भाऊ वारला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण दोन वर्षांत तेही गेले. पदरी तान्ही मनोरमा होती.

नंतर इंग्लंड, मग अमेरिका. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत अभ्यासली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले.

खरी कसोटी पुढेच होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली उपाशी भटकत होत्या. आपल्या उपासमारीचे दिवस रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही मुली आणल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. या मुली आजारी, घाबरलेल्या आणि बहुतेक निरक्षर होत्या. कोणाची बोली हिंदी, कोणाची गुजराती, आणि आसपास सगळा मराठी मुलूख.

एवढ्या मुलींना सांभाळायला पगारी माणसे कोठून आणणार? सदनात आधी आलेल्या विधवा व मोठ्या मुली पुढे झाल्या. त्यांनी लहानग्यांना न्हाऊ घातले, जेवू घातले, अक्षरे गिरवून घेतली. त्यांतल्या कितीतरी जणी काही वर्षांपूर्वी स्वतःच निरक्षर म्हणून आल्या होत्या. कदाचित म्हणूनच, अक्षर पहिल्यांदा अंगावर येते तेव्हा कसे वाटते हे त्यांना ठाऊक होते.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आपल्या जिल्ह्यात किती घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मुलांनाही बरोबर नेतात! घरी पावरी किंवा मावची, शाळेत मराठी. परत आलेले मूल वर्गात मागे बसते आणि हळूहळू शाळेत येईनासे होते. त्याला पंडित नको आहे. त्याच्या बोलीत दोन शब्द बोलून शेजारी बसणारे कोणी हवे आहे.

रमाबाईंनी अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून त्यांनी ते एकटीने केले. १९२१ साली मनोरमा वारली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ते बायबल केडगावच्या छापखान्यात छापले गेले. तेथे खिळे जुळवायला सदनातच वाचायला शिकलेल्या स्त्रिया होत्या.

अभ्यासवर्गासाठी आजवर नऊ नावे आली आहेत. तिसरी-चौथीच्या मुलांजवळ बसायला अजून कोणी नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी आज मिस्सानंतर सभागृहात थांबावे.